लाल गोळी, निळी गोळी आणि राहून गेलेली तपासणी

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना वाटेत केळझर लागते. विदर्भातील अष्टविनायकांमध्ये गणला जाणारा इथला गणपती टेकडीवर आहे. चतुर्थीला दर्शनासाठी येणाऱ्यांमध्ये तिशी-पस्तिशीच्या बायाही असतात आणि त्यांतल्या काही जणी चढावर मध्येच थांबतात. कुणी छातीवर हात ठेवते, कुणी पदराने वारा घेते. सोबतची सासू मात्र सरळ वर चढून गेलेली असते. ‘आजकालच्या पोरींत दमच नाही,’ असे म्हटले की विषय संपतो. दिवसभर वावरात निंदण किंवा कापसाची वेचणी करून घरी आल्यावर पायात गोळे येणे, जिना चढताना धडधड, केस गळणे, कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटणे, ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणे असू शकतात. ते दुखणे म्हणजे शरीरातील लोह संपत येणे.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान १७ तारखेपासून २ ऑक्टोबरपर्यंत देशभर चालले. अशा शिबिरांत बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन बघितले जाते, कागदावर ‘९.४’ किंवा ‘८.८’ असा आकडा लिहिला जातो आणि हातात गोळ्यांची पाकिटे ठेवली जातात. शिबिर उठते, आकडा घरी येतो. खरी अडचण तिथून सुरू होते. ही गोळी घ्यायची कशी, किती दिवस, चहाबरोबर चालते का, मळमळले तर काय करायचे, मेडिकलमधली महागडी बाटली जास्त चांगली का, हे सांगायला गर्दीत कुणाला सवड नसते.

आकडे मोठे आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये तर ५३.८ टक्क्यांवरून ते ६८.९ वर गेले. गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू असताना आणि ‘ॲनिमिया मुक्त भारत’ २०१८ मध्ये सुरू झालेले असताना आकडा वर कसा जातो, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचे एक उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. पाहणीत बोटातून काढलेला थेंब वापरतात. बोट जोरात पिळले की रक्तात ऊतींचे पाणी मिसळते आणि हिमोग्लोबिन कमी दिसते. २०१६-१८ च्या सर्वसमावेशक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले, तेव्हा देशातील एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ४१ टक्के निघाले. ५८ आणि ६७ टक्क्यांच्या आकड्यांची सवय झालेल्यांना हा धक्काच होता. पुढे सहाव्या कुटुंब पाहणीतून रक्तक्षयाची मोजणी काढून टाकली गेली आणि ती राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे सोपवली गेली. यावर तज्ज्ञांत वाद आहे. मोजणी सुधारणे योग्यच, पण त्यासाठी मधली काही वर्षे आकड्यांविना काढावी लागणे बरे नव्हे. शिबिरात आकडा कमी आलेल्या बाईसाठी यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. बोटाची तपासणी ही पहिली चाळणी आहे, निदान नव्हे. शिरेतून रक्त घेऊन पूर्ण तपासणी, म्हणजे सीबीसी, एकदा करून घ्यावी.

दुसरे उत्तर गोळी घशाखाली न जाण्यात आहे. त्याच पाहणीनुसार देशातील गरोदर स्त्रियांपैकी १८० दिवस लोहाची गोळी घेतलेल्या फक्त २६ टक्के होत्या. बाकीच्या गोळ्या कपाटावर, पेटीत, धान्याच्या कोठीमागे पडून राहतात. बाया आळशी आहेत म्हणून हे होत नाही. गोळी पोटाला सोसत नाही, शी काळी होते म्हणून भीती वाटते, ‘गोळ्यांनी बाळ मोठे होते आणि सिझर करावे लागते’ असे शेजारीण सांगते आणि या शंका विचारायला जागा नसते. शी काळी होणे हे गोळी पोटात गेल्याचे लक्षण आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त शी मात्र वेगळी. तो पोटातील रक्तस्राव असू शकतो.

आता गोळ्यांकडे वळू. सरकारी कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी मिळते, तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह असते. किशोरवयीन मुलामुलींची निळी आणि गरोदर, स्तनदा व इतर स्त्रियांची लाल गोळी, दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. रंग वेगळे, औषध एकच. निळी गोळी आठवड्यातून एकदा, गरोदरपणात लाल गोळी रोज. रक्तक्षय ठरला असेल तर गरोदर स्त्रीला दिवसाला दोन. या गोळ्या फुकट मिळतात म्हणून त्या कमी प्रतीच्या, हा समज खोटा आहे.

मेडिकलच्या दुकानात गेले की गोंधळ वाढतो. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस ॲस्कॉर्बेट, बिसग्लायसिनेट, पॉलिमाल्टोज, हल्ली ‘लिपोसोमल’. पाकिटावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा क्षाराचा असतो, लोहाचा नाही. फेरस फ्युमरेटच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा लोह असतो, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. सुकवलेल्या फेरस सल्फेटचेही साधारण तसेच. फेरस ग्लुकोनेटमध्ये मात्र जेमतेम आठवा हिस्सा. टॉनिकच्या बाटलीवर ‘फेरिक अमोनियम सायट्रेट १६० मिलिग्रॅम’ छापलेले असले, तरी त्यात लोह ३३ मिलिग्रॅमच असते, तेही तीन चमचे प्यायल्यावर. म्हणून पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’ किती लिहिले आहे ते बघावे, कंपनीचे नाव नंतर. ते छापलेलेच नसेल तर दुकानदाराला विचारावे. त्यालाही सांगता आले नाही तर ती बाटली परत ठेवावी.

यांत सर्वोत्तम कोणती? बाजाराला आवडणारे उत्तर इथे देता येत नाही. फेरस क्षारांपैकी कोणतीही गोळी, नीट घेतली तर, रक्त वाढवते. पॉलिमाल्टोज पोटाला सौम्य असते, पण शोषणात ती फेरस क्षारांच्या मागे पडते. बिसग्लायसिनेट काहींना कमी त्रास देते, आणि ज्या बाईला साधी गोळी खरोखरच सोसत नाही तिच्यासाठी ती रास्त आहे. लिपोसोमलच्या नावाखाली दिवसाला तीस मिलिग्रॅमसाठी जी किंमत घेतली जाते, तिच्या बदल्यात त्याच प्रमाणात जास्त फायदा होतो असा पुरावा नाही. शेतमजुरी करणाऱ्या घराने मजुरीचे पैसे त्यात घालावेत असे सांगणाऱ्या चिठ्ठ्या सर्रास लिहिल्या जातात. ते थांबायला हवे.

गेल्या दहा वर्षांत खरा बदल झाला तो गोळी ‘कधी’ घ्यावी याबद्दल. यकृतात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते आतड्यावरच्या दरवानासारखे काम करते. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की हेप्सिडिन वाढते आणि पुढचे सुमारे चोवीस तास आतड्याचे दार अर्धवट लावून घेते. म्हणजे सकाळची गोळी दुपारच्या गोळीची वाट अडवते. झुरिच येथील संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या पण रक्तक्षय न झालेल्या तरुण स्त्रियांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध केला. ६० मिलिग्रॅमची गोळी एका गटाने सलग १४ दिवस घेतली, दुसऱ्याने दिवसाआड २८ दिवस. रोज घेणाऱ्यांत १६.३ टक्के लोह शोषले गेले, दिवसाआड घेणाऱ्यांत २१.८ टक्के. गोळ्या सारख्याच, रक्तात पोहोचलेले लोह जास्त.

यावरून ‘सगळ्यांनीच दिवसाआड घ्या’ असा निष्कर्ष काढायची घाई झाली. चंडीगडच्या पीजीआयमध्ये २०२० च्या सुमारास झालेल्या तुलनेत दिवसातून दोनदा ६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन तीन आठवड्यांत जास्त वाढले; दिवसाआड १२० मिलिग्रॅम घेणारे त्यांच्या पातळीला पोहोचले, पण दुप्पट दिवसांनी. मळमळ मात्र त्यांना कमी झाली. म्हणजे सौम्य रक्तक्षय असलेल्या, बाळंतपण जवळ नसलेल्या, गोळीने पोट बिघडणाऱ्या बाईला दिवसाआड एक गोळी हा चांगला मार्ग आहे. गोळी अजिबात न घेण्यापेक्षा तर शंभर पटींनी चांगला. पण सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८ असलेल्या गरोदर बाईकडे तेवढे दिवस नसतात. तिने रोजच्या गोळ्या स्वतःहून कमी करू नयेत.

गोळी रिकाम्या पोटी, सकाळी घेतली तर सर्वात चांगली लागू पडते. तिच्याबरोबर अर्धे लिंबू पाण्यात पिळून किंवा एक संत्रे खाल्ले तर शोषण वाढते. संत्र्यांच्या मुलखात हे अवघड नसावे. अवघड आहे ते चहाचे. उठल्याबरोबर चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी, ही घरोघरची रीत आहे. चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि ते तसेच बाहेर जाते. कॉफीनेही शोषण निम्म्याच्या आसपास घटते, असे मोजमाप झाले आहे. कोरा लाल चहाही त्याला अपवाद नाही. गोळीनंतर तास-दीड तास तरी चहा टाळावा. ज्यांना चहा सोडवतच नाही त्यांनी गोळी रात्री झोपताना घ्यावी, जेवणानंतर दोन तासांनी. रिकाम्या पोटी मळमळ होत असेल तर जेवणानंतर घेतली तरी चालेल, शोषण थोडे कमी होईल इतकेच. आदर्श वेळेच्या नादात गोळी बंद पडण्यापेक्षा ते परवडते.

गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात आणि दोन्ही एकाच हातात देऊन एकदमच घेतल्या जातात. कॅल्शियम लोहाला अडवते. दोन्हींत दोन तासांचे अंतर हवे. थायरॉईडची गोळी आणि लोह यांत चार तासांचे. ‘गॅसची गोळी’ हा तर आपल्याकडचा राष्ट्रीय आहार झाला आहे. पोटातील आम्ल कमी झाले की लोहाचे शोषणही कमी होते. वर्षानुवर्षे पँटोप्राझोल घेणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन वाढत नसेल तर आधी ती गोळी खरोखर लागते का, हे विचारावे.

आहाराने भागणार नाही का, हा प्रश्न नेहमी येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीने रोज २९ मिलिग्रॅम लोह खावे. ते इतके जास्त आहे, कारण भाकर-पोळी-वरणाच्या जेवणातून त्यातले थोडेच शोषले जाते. धान्यातील फायटेट आड येते. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते ही समजूत तर फारच रुजली आहे. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. अळीव, हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये आणि खाणाऱ्यांसाठी मटण, मासे, कलेजी हे खरे उपयोगाचे. गरोदर बाईने कलेजी मात्र बेतानेच खावी, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते. आहार साठा टिकवतो. रिकामी झालेली कोठी भरायला गोळीच लागते. एक मिलिलिटर रक्त गेले की अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. ज्या बाईला पाळीत दर महिन्याला ८०-१०० मिलिलिटर रक्तस्राव होतो, तिचे चाळीस-पन्नास मिलिग्रॅम लोह असे वाहून जाते, आणि ते पालक खाऊन भरून निघत नाही.

रेशनच्या तांदळाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. पोषणयुक्त तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह मिसळलेले असते आणि केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेला डिसेंबर २०२८ पर्यंत मंजुरी दिली. हे दाणे थोडे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई उठली आणि अनेक घरांत ते निवडून फेकले जातात. तो प्लास्टिक नाही. पण शंभर-दीडशे ग्रॅम तांदळातून तीन ते सहा मिलिग्रॅमच लोह मिळते, त्यामुळे तो गोळीची जागा घेत नाही.

विदर्भात या सगळ्यात एक वेगळा पेच आहे, आणि त्यावर बोलल्याशिवाय इथे लोहाविषयी लिहिणे अपुरे आहे. नागपूर भागात सिकलसेल असल्याचे शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले होते. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. हिमोग्लोबिन सात-आठ-नऊवर राहते. पण फुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते. त्यात रक्त चढवले गेले असेल तर एका पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह आत येते आणि शरीराला ते बाहेर टाकायचा मार्गच नाही; दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम जाते. अशा रुग्णाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, तर ते यकृतात आणि हृदयात साचत जाते. आकडा आठचा आठच राहतो, म्हणून गोळी बदलली जाते, मग इंजेक्शन दिले जाते.

उलट चूकही तितकीच होते. सिकलसेलचा वाहक, म्हणजे ज्याच्याकडे एकच सदोष जनुक आहे, त्याला त्यामुळे सहसा रक्तक्षय होत नाही. वाहक बाईचे हिमोग्लोबिन नऊ असेल तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेने असते आणि तिला गोळी द्यायलाच हवी. ‘तुम्हाला सिकल आहे, लोह चालत नाही,’ असे सांगून तिला परत पाठवणे हा अन्याय आहे. रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे साध्या विद्राव्यता चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. लोहाच्या गोळ्या एका टेबलावर आणि सिकलसेलची तपासणी दुसऱ्या टेबलावर, दोघांचे रजिस्टर वेगळे, असे चालले तर वर्धा, नागपूर, गोंदिया, गडचिरोलीत त्याचा अर्धाच उपयोग होईल. बाईच्या कार्डावर हिमोग्लोबिनशेजारीच सिकलसेलचा निकाल लिहिलेला असायला हवा. जिथे लोह देण्याबद्दल शंका आहे तिथे फेरिटिन तपासावे. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपला आहे हे नक्की. मात्र ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटे वाढते, तेव्हा नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नये.

केळझरला बकासुराची एकचक्रानगरी म्हणतात. बकासुर संपला, पण रक्तावर जगणारा एक बारीक राक्षस वावरात अजून आहे. अनवाणी पायातून शिरणारा हुकवर्म आतड्याला चिकटून रोज रक्त पितो, आणि शंभर जंत असले तर हिशेब मोठा होतो. अल्बेंडाझोलची एक गोळी त्यासाठी पुरते. गरोदर बाईला ती पहिल्या तीन महिन्यांनंतर देतात. पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या बाईचे लोह कमी असेल तर मात्र जंतांवर सगळे ढकलून मोकळे होऊ नये. मूळव्याध, जठरातील व्रण आणि आतड्याचा कर्करोग यांपैकी काही नाही ना, हे बघितलेच पाहिजे. साठीच्या माणसाला सहा महिने टॉनिक पाजून नंतर गाठ सापडली, असे घडते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

गोळी सुरू केल्यावर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. निदान एक ग्रॅमने वाढले तर मार्ग बरोबर आहे. तसे असेल तर ते १२ च्या वर गेल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवायची, कारण आकडा आधी भरतो आणि साठा नंतर. बहुतेक जणी इथेच थांबतात आणि वर्षभराने पुन्हा नऊवर येतात. आकडा वाढला नसेल तर गोळी खरोखर घेतली का, चहाबरोबर घेतली का, पाळी फार जाते का, सिकलसेल किंवा थॅलेसेमियाची वाहक आहे का, बी-१२ कमी आहे का, या क्रमाने विचारावे. शिरेतून लोह देण्याची सोय आता सरकारी रुग्णालयांतही आहे. ते गोळी न सोसणाऱ्यांसाठी, हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेल्यांसाठी आणि बाळंतपण जवळ आलेल्यांसाठी आहे; पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत. थकवा आला म्हणून ‘रक्ताची बाटली’ लावून घेण्याची जी मागणी दवाखान्यात होते, तिच्यासाठी ते नाही.

घरात गोळ्या ठेवायची जागाही ठरवून घ्यावी. लाल गोळी साखरेच्या आवरणाची असते, पोरांना ती गोड गोळीच वाटते. दहा किलो वजनाच्या मुलाने दहा गोळ्या गिळल्या तर ६०० मिलिग्रॅम लोह, म्हणजे वजनाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम, पोटात जाते. तेवढ्याने जीव जाऊ शकतो. सुरुवातीला उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरे वाटते आणि त्यानंतर अचानक कोसळते. पाकीट रिकामे दिसले आणि मूल उलट्या करत असेल, तर ते बरे दिसेपर्यंत वाट बघू नये. १०८ ला फोन करावा आणि ते रिकामे पाकीट सोबत न्यावे.